तळमजल्यावरचे नंबरवाले भाऊजी

एकाच नंबरावर टीव्ही आणि टॅबलेट गुण्यागोविंदाने नांदतील, असं मला सहा वर्षांपूर्वी वाटलं होतं. तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे तशी तरुणच, आणि स्वतःच्या अकलेवर भलतीच खूश. पण त्या गाढवपणाचं निम्मं श्रेय आमच्या तळमजल्यावरच्या भाऊजींचं.

यंत्रांवर काडीचा विश्वास नाही आणि दिवसभर डोकं मात्र यंत्रांतच, असा दुसरा माणूस अख्ख्या मुलुंडात सापडायचा नाही. टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त. वायफायवरच्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा नंबर लागतो, आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात तो. साऱ्या जगात तो राउटर आपला आपण देतो. आमच्या बिल्डिंगमध्ये भाऊजी देत. घराघरात शिरून त्यांनी ती ऑटोमॅटिक सोय बंदच करून टाकली होती. "डबडं वाटणार म्हणजे मनाला येईल तसं वाटणार. शिस्त नको, वहिनी?" नवा फोन आला की भाऊजींना हाक मारायची. ते डायरी घेऊन येत, रेशनकार्डावर नाव चढवावं तशा गांभीर्याने नंबर लिहीत आणि वस्तूच्या पाठीला चिठ्ठी डकवत. जावई चार दिवस राहायला आले, तर त्यांनाही "मुक्काम किती?" विचारून नंबर दिला, आणि निघताना परत घेतला!

लेकीच्या लेकीचं बारसं कॅनडात. ते मोठं दिसावं म्हणून मुलाने ऐनवेळी टॅबलेट आणून दिला, आणि भाऊजी नेमके बहिणीकडे मनोरीला. फोन उचलेनात. मी टीव्हीच्या पाठीवरचा नंबर वाचून टॅबलेटमध्ये भरला. एका खोलीत आम्ही नऊ माणसं राहिलो, एका नंबरात दोन वस्तू मावणार नाहीत? हॉलमध्ये त्याच टीव्हीवर, वायफायवरूनच, ह्यांची मॅच चालू होती. तिकडे आत्या पाळण्यावर वाकली, "कुर्रर्र" म्हणाली आणि तशीच वाकून राहिली. इकडे बोलर हात वर करून थिजला. टीव्ही आणि टॅबलेट एका नंबरासाठी भांडत होते. मी फोन शोधेपर्यंत तिकडे पेढे वाटून झाले. नातीचं नाव मला मेसेजवर कळलं.

भाऊजी परतले तेव्हा त्यांना दारातच धरलं. "तुमच्या शिस्तीपायी बारसं हुकलं माझं!"

भाऊजी तसेच आत आले. राउटरवर ऑटोमॅटिक चालू केलं, एकेका वस्तूची चिठ्ठी नखाने सोलून काढली. सगळ्यांनी आपापले नंबर घेतले, कोणी कोणाला विचारलं नाही. मी लढाई जिंकल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी. चहासुद्धा विचारला नाही, बावळट कुठली!

जिन्यात थबकून भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता तुमच्याकडे कोण आलं-गेलं, ते मला कसं कळायचं?"