फाटकाबाहेरचं दूध

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका डेअरीचे संगणक मी सांभाळते. त्या उन्हाळ्यात टँकर आत घेण्याची पद्धत बदलायची होती. जुन्या पद्धतीत फाटकावर टँकरचा नंबर नोंदला की दूध घेतलं असं धरायचे. नव्या पद्धतीत आधी तपासणीची वेळ ठरणार, मगच फाटक उघडणार. मी नवी आवृत्ती चालू केली, पडद्यावर तसं दिसलंही, पण फाटक काही हललं नाही.

बाहेर आटपाडीचा टँकर उभा होता. त्यात माझ्या आईच्या दोन म्हशींचंही दूध होतं.

आमचे सर्व्हर दोन. एकानं नवी आवृत्ती घेतली होती, दुसरा जुनीलाच चिकटून बसला होता. नवी आवृत्ती चालू कर म्हटलं, तर पहिला म्हणे आधीच चालू आहे. बरं, बंद कर म्हटलं, तर दुसरा म्हणे चालूच नाही! माणसं असती तर दोन-दोन लगावल्या असत्या.

पळत फाटकावर गेले. "काका, हातानं उघडा."

पहारेकरी फौजेतून निवृत्त झालेले. "पोरी, हिरवा दिवा लागल्याबिगर न्हाई. सायबांचा हुकूम हाय."

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, सिस्टिम सांगेल तसं करा. असा संताप आला! सिस्टिम म्हणजे इथं मीच होते ना.

ड्रायव्हर टँकरच्या पत्र्यावर हात ठेवून ओरडला, "आवं मॅडम, दूध हाय ह्यात, डिझेल न्हाई. तापाय लागलंय!"

यात तीन तास गेले. शेवटी दोन्ही सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केले. ते उठेपर्यंत मी पुन्हा फाटकावर आले. दिवा हिरवा झाला, टँकर आत आला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी नमुना तापवला आणि काचेची नळी माझ्यापुढे धरली. दूध फाटलं होतं.

सगळा टँकर सांडपाण्यात सोडला. मी बघत उभी राहिले. रडू येत होतं, पण सगळ्यांसमोर रडायचं नव्हतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. "आगं, मेसेज आला बग. दूध घेतलं म्हणून. समद्या गल्लीला आलाय."

जुन्या आवृत्तीच्या सर्व्हरनं फाटकावरच नंबर नोंदला होता आणि दूध घातलेल्या घराघरांत कळवूनही टाकलं होतं.

"आई, तो मेसेज खोटा आहे. दूध नासलं."



"खोटा कसा असंल?" ती म्हणाली. "तू केल्याला हाय न्हवं त्यो?"