गिरणी कोणाच्या नावावर

दुबईतल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या हॉलमध्ये एका गिरणीचा फोटो बरीच वर्षं भिंतीवर होता. निळ्या रंगाची गिरणी, तिच्यावर पितळी पाटी, पाटीवर आमच्या मंडळीचं नाव, आणि शेजारी कोट घालून उभा असलेला एक उंच माणूस. उपासना झाली की लोक त्या फोटोखाली चहा प्यायचे आणि म्हणायचे, बघा, दुबईतल्या चार मराठी माणसांनी आफ्रिकेत केवढं काम केलं! माझा चहा तिथे घशाखाली उतरायचा नाही. कारण त्या फोटोत एकही बाई नव्हती, आणि गिरणी बायकांची होती. नव्हती, असायला हवी होती. ती बायकांची झाली नाही यात माझा हात आहे, म्हणून तर एवढा राग.

आता नीट सांगते. नाहीतर आमचे हे म्हणतात तसं, मी मधूनच सुरू करते आणि ऐकणारा चुकतो.

माझी धाकटी नणंद नर्स. लग्न केलं नाही. एका ख्रिस्ती संस्थेतर्फे ती पूर्व आफ्रिकेतल्या डोंगरातल्या एका खेड्यात गेली आणि तिथलीच झाली. आम्ही तेव्हा दुबईत, अल मनखूल भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. दर दोन वर्षांनी भारतात घरी सुट्टीवर जाताना ती आमच्याकडे आठ दिवस उतरायची. येताना दोन झगे आणि एक पिशवी. जाताना टॉर्चचे सेल, सुया, वाचायचे चष्मे आणि माझ्या हातचं मेतकूट. आठ दिवस मी तिला खाऊ घालायची आणि ती बोलायची. बायकांना डोक्यावर मका घेऊन दळायला अर्धा दिवस चालत कसं जावं लागतं, परत यायला अर्धा दिवस, आणि मग रात्रीच्या जेवणाचं पीठ.

मी म्हणायची, "अगं, मग संस्था गिरणी का नाही देत?"

"संस्था देत नाही काही, वहिनी. आधी विचारते."

"काय विचारायचंय त्यात? माणूस चालून मरतंय!"

"कुठे बसवायची, कोण चालवणार, बिघडली तर कोण दुरुस्त करणार, गरिबाचं दळण आधी की गावच्या मुखियाचं. हे त्यांनी ठरवायचं. झाडाखाली बसतात, बोलतात, भांडतात, उठून जातात, पुन्हा बसतात."

"किती दिवस?"

"तीन वर्षं झाली."

मी कपाळाला हात लावला. तीन वर्षं! आम्ही इथे तीन वर्षांत दोन घरं बदलली, एक गाडी विकली, एक घेतली. आमच्या ह्यांनी तर सरळ सांगितलं, "तुमची संस्था म्हणजे नुसत्या मीटिंगा. यल्ला, चला, म्हणायचं आणि काम करून टाकायचं." ती हसली. भावापुढे ती फार बोलायची नाही.

त्या मुक्कामात तिने मला एक फोटो दाखवला होता. भाजलेल्या विटांची रास आणि मागे मातीने माखलेल्या सात-आठ बाया, दात काढून हसणाऱ्या. गिरणीच्या खोलीसाठी त्यांनी स्वतः विटा पाडल्या होत्या. मी म्हटलं, "छान." आणि पोळ्या लाटायला गेले. एवढंच बघितलं मी त्यांच्याकडे.

मग आमचा सुगीचा सण आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मंडळीतला जो तो आपल्या पिकातलं काही आणून देवापुढे ठेवतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. दुबईत कुणाचं शेत? पण लोक मार्केटमधून भोपळा आणायचे, पुसूनबिसून ठेवायचे. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, हॉल आम्हाला मिळायचा तो दोन उपासनांच्या मधल्या वेळात, त्यामुळे लिलावही धावतपळत. पण रंगायचा! एक लिंबू दीडशे दिरहमला गेलेलं मी पाहिलंय. बाया मोठ्याने हिशोब करायच्या, "अगं बाई, पंधराशे रुपयांचं लिंबू!" आणि घेणाऱ्याची छाती वर.

त्या वर्षीच मी महिला मंडळाची सेक्रेटरी झाले होते. दोन शब्द बोला म्हणाले. मी उभी राहिले आणि नणंदेच्या गावातल्या बायकांची गोष्ट सांगितली. डोक्यावरचा मका, अर्ध्या दिवसाची चाल. मला बोलता येतं हो. शिकले नाही फार, पण बोलता येतं. चार जणींनी पदर डोळ्यांना लावला. विटांचं मी सांगितलं नाही. विटा सांगितल्या असत्या तर कुणाला रडू आलं नसतं.

आमचे अध्यक्ष उठले. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं वर्कशॉप होतं. भोपळा हातात उचलून म्हणाले, "या भोपळ्याची बोली मी लावतो. एक गिरणी! माझ्या वर्कशॉपमध्ये बनवून पाठवतो. खलास!" टाळ्या थांबेनात. मी पण वाजवल्या. सगळ्यात जोरात मीच वाजवल्या असतील.

नणंदेला आनंदाने पत्र लिहिलं. उत्तर यायला महिन्यावर गेलं. चारच ओळी होत्या. "वहिनी, पाठवू नका. दोन बाया इंजिनचं काम शिकायला जातायत. कुठली गिरणी घ्यायची ते त्या शिकून आल्यावर ठरणार आहे. दुबईहून आयती आली तर सगळं मोडेल. मी हात जोडते."

मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, गिरणी रंगवून तयार आहे. पाटी लागली आहे. आणि घेणाऱ्याने का देणाऱ्याला अटी घालायच्या? तुमची नणंद साधी आहे, तिला कळत नाही."

आणि मी काय म्हटलं? "बरोबर आहे साहेब." हे मी म्हटलं. माझ्याच तोंडाने. सगळ्या हॉलसमोर गोष्ट सांगून बसले होते ना, आता कुठल्या तोंडाने नको म्हणू! पत्र मी बायबलमध्ये ठेवून दिलं. ह्यांनाही दाखवलं नाही.

कार्गोच्या ऑफिसात अध्यक्षांनी मलाच पाठवलं, कारण गावाचा पत्ता माझ्याकडे. तिथला कारकून फॉर्म पुढे ओढून म्हणाला, "मॅडम, माल किसके नाम पे छुडाना है?"

मी म्हटलं, "लेडीज ग्रुप."

"ग्रुप नहीं चलेगा. किसी एक का नाम बोलो."

नणंदेचं नाव लिहिणार होते. पेन टेकवलं सुद्धा. मग वाटलं, ही बया बंदरातूनच परत पाठवेल. मग कुणाचं? अकरा वर्षं त्या गावाच्या गोष्टी ऐकत होते. मला एकच नाव आठवलं, मुखियाचं. नणंदेच्या पत्रांत यायचं ते. मी ते लिहिलं. आणि खरं सांगू, लिहिताना बरंच वाटलं. जबाबदार पुरुषमाणूस आहे, सांभाळेल.

सांभाळली त्याने. स्वतःच्या अंगणात बसवली आणि कोट घालून शेजारी उभं राहून फोटो काढून पाठवला. कागदावर नाव त्याचं, कोण काय बोलणार? आधी त्याच्या घरच्यांचं दळण, मग त्याच्या माणसांचं, मग उरलं तर बाकीच्यांचं. बायकांनी बांधलेली विटांची खोली तशीच रिकामी. शिकायला गेलेल्या दोघी परत आल्या तर त्याने त्यांना इंजिनला हात लावू दिला नाही.

हे मला कळलं ते नणंद पुढच्या सुट्टीत आली तेव्हा. आली ती सरळ स्वयंपाकघरात. चप्पल काढली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"वहिनी, माझं पत्र मिळालं होतं?"

मी गॅसकडे बघत म्हटलं, "मिळालं."

"आणि तरी?"

"अगं, अध्यक्ष म्हणाले..."

"अध्यक्षांचं जाऊ दे. फॉर्मवर अक्षर तुझं आहे."

ह्यांनी बाहेरून आवाज दिला, "अरे, चांगलं करायला गेली ती! दहा हजार दिरहमची वस्तू फुकट पाठवली, वरून बोलणी?"

ती कधी भावाला उलट बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "दादा, फुकट नाही पाठवली. माझी अकरा वर्षं घेतलीत तुम्ही तिच्या बदल्यात. मी त्या बायकांना सांगत आले, कुणी काही आणून देणार नाही, तुम्हीच उभं करायचं. आणि माझ्याच घरून मुखियाच्या नावावर गिरणी आली! त्यांना वाटतं मला सगळं माहीत होतं. झाडाखाली मी जाऊन बसले की बोलणं बंद करतात. दवाखान्यात पोरं दाखवतात आणि उठून जातात. मी कशाला परत जाऊ तिकडे, सांग!"

आमची लेक तेव्हा कॉलेजात. दारात उभी राहून म्हणाली, "मम्मी, यू न्यू? तुला माहीत होतं?" मी म्हटलं, "तू अभ्यास कर." 

त्या शुक्रवारी आम्ही दोघी अध्यक्षांपुढे उभ्या राहिलो. म्हटलं, मंडळीच्या लेटरहेडवर लिहून द्या, की या बाईने नको म्हणून कळवलं होतं, आपण ऐकलं नाही. बस, एवढंच. ते हसले. हसले हो! "ताई, चांगलं काम करून माफीपत्र लिहायचं? उद्या देणग्या कोण देईल? प्रार्थना करू या. इन्शाल्ला सगळं ठीक होईल." आणि चहा मागवला. त्या फोटोखाली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन त्या गावाला पत्र लिहायला कागद घेतला. मराठीत लिहिलं, लेकीला म्हटलं, इंग्रजीत कर. पहिल्या मसुद्यात मी मुखियाला, अध्यक्षांना, सगळ्यांना धुऊन काढलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की गिरणी ताबडतोब बायकांच्या ताब्यात द्यावी.

नणंदेने वाचून कागद टेबलावर टाकला. "पुन्हा तेच. गिरणी कोणाची ते दुबई ठरवणार, आणि कागद पाठवणार."

"मग काय लिहू? तूच सांग!"

"जे झालं ते लिही."

लेक म्हणाली, "मम्मी, जस्ट से यू लाइड. खोटं वागलीस, तेच लिही." मी तिला मारायलाच उठले होते. मग खाली बसले. आणि तेच लिहिलं. हिने मला नको म्हणून कळवलं होतं. मी पत्र लपवलं. मुखियाचं नाव मी घातलं, हिला विचारलं नाही, तुम्हाला विचारलं नाही. खाली सही माझी, शिक्का महिला मंडळाचा. शिक्का वापरला म्हणून पुढच्याच महिन्यात माझं सेक्रेटरीपद गेलं. जाऊ दे. शिक्का नसता तर ते पत्र म्हणजे भावजयीने नणंदेसाठी केलेली रदबदली वाटली असती.

ती पत्र घेऊन परत गेली. जाताना मेतकूट घेतलं नाही. मी पिशवीत घातलं, तिने काढून ओट्यावर ठेवलं.

दोन महिन्यांनी तिचं पत्र आलं. झाडाखाली माझं पत्र वाचलं गेलं. बायांनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग एक म्हातारी बाजूला सरकली आणि तिने नणंदेला बसायला जागा दिली. तेवढ्यावर तिचं परत उभं राहणं सुरू झालं. गिरणी मुखियाकडेच राहिली. बाया पुन्हा शून्यापासून बोलायला बसल्या होत्या.

शेवटी एक ओळ होती. त्या बायकांनी माझ्यासाठी एक प्रश्न पाठवला होता. तुला मुखियाचं नाव ठाऊक होतं, मग आमच्यातल्या कोणाचं ठाऊक आहे?

मी ते पत्र घेऊन बाल्कनीत बसले. मला एकही नाव येत नव्हतं. अकरा वर्षं मी त्यांच्या गोष्टी ऐकल्या, लोकांना सांगून रडवलं, आणि मला एकीचंही नाव येत नव्हतं! कधी विचारलंच नव्हतं. अध्यक्षांवरचा, कारकुनावरचा, त्या कोटवाल्यावरचा, सगळा राग त्या क्षणी वळून माझ्या अंगावर आला, तो अजून उतरलेला नाही.

पाच दिवसांनी नणंदेचा फोन लागला. तालुक्याच्या गावातून, खरखरणारा.

मी म्हटलं, "त्या फोटोतल्या बायांची नावं सांग. लिहून घेते."

"मी नाही सांगणार, वहिनी."

"का गं? आता काय राहिलंय?"

"त्यांना विचार."

लाइन तुटली. मी लेकीला हाक मारली, "इंग्रजी कर." ती म्हणाली, "अगेन?" मी म्हटलं, "हो, अगेन. दोनच ओळी आहेत." पहिली, मला तुमच्यातल्या कोणाचंही नाव ठाऊक नाही. दुसरी, तुमची नावं काय?

हे म्हणाले, ऑफिसच्या ड्रायव्हरच्या हाती पोस्टात दे. मी दिलं नाही. भर दुपारी पोस्टापर्यंत चालत गेले.