कडूबाच्या पोत्याचा तळ

देऊळघाटच्या कडूबानं आयुष्यात कशावरही एका दमात विश्वास ठेवला नव्हता. टरबूज घ्यायचं तर आधी वाजवून, मग हुंगून, मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून. बुलढाण्याच्या एसटीवर ठळक पाटी असली तरी तो ड्रायव्हरला विचारी, मग कंडक्टरला. दोघांचं उत्तर एकच आलं की त्याला वाटे, हे ठरवून सांगताहेत.

अशा माणसाच्या नववीतल्या पोरीनं, काजलनं, मे महिन्यात एक फॉर्म घरी आणला. बुलढाण्याच्या एका कॉलेजात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तीन आठवड्यांचं विज्ञान शिबीर. फी नाही. वर रोज पोहे. खाली पालकाची सही.

"फुकट काऊन?" कडूबानं विचारलं.

"शिकवाले, बाबा."

"पोहे चारून कोणी शिकवते काय? पोहे चारून लोक वावरं लिहून घेतात!"

"तुमच्या दोन एकरासाठी पोह्याचा खर्च तरी परवडन काय त्याइले?" कौशल्याबाई सैपाकघरातून म्हणाल्या.

शिबिराच्या संजीवनी मॅडमनी सहीसाठी शिबिराच्या पहिल्या शनिवारपर्यंत मुदत दिली होती. नाहीतर काजलची जागा दुसऱ्या मुलीला. पोरीचा चेहरा बघून कडूबानं तोडगा काढला. "पेराच्या आंधी आपुन बियाणं तपासतो का नाही? तसं शिबीर तपासू."

त्याची बियाणं तपासायची पद्धत गावाला ठाऊक होती. सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि पाच-सहा दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तर पेरायचं. घरचं बियाणंही या परीक्षेतून सुटत नसे.

सोमवारी तो स्वतः सोबत गेला आणि वर्गासमोरच्या लिंबाखाली पहारा देत बसला. मॅडमनी त्यालाही पोह्यांची बशी पाठवली. त्यानं ती चाटूनपुसून संपवली, आणि त्याचा संशय दुप्पट झाला. पोहे फारच चांगले होते.

घरी येताच काजल बियाण्याच्या पोत्यापाशी गेली. "बाबा, तपासाचे दाणे कुठून घेता?"

"पोत्यातून. आभायातून घेऊ काय?"

"पोत्यात कुठून?"

"वरून. तोंडापासून."

"अन् तळाचे? मॅडम म्हणे, थोडक्यावरून सगळ्याची परीक्षा कराची तर वरून, मधून, खालून, सगळीकडून घ्या लागते."

कडूबाला हे झोंबलं. वीस वर्षांची पद्धत, आणि एका दिवसाचं शिबीर! "तुह्या मॅडमनं कधी सोयाबीन पेरलं काय? घे, तीन गठुडे बांध. तिन्ही सारखे निंगाले तर सही भेटत नाही, सांगून ठेवतो!"

ते पाच दिवस काजल शिबिरातून आली की आधी गोणपाटांवर पाणी शिंपडायची, आणि ती सगळीकडे सारखंच शिंपडते ना, हे कडूबा मागे उभा राहून बघायचा.

शनिवारी सकाळी गठुडी उघडली. वरचे चौऱ्याऐंशी, मधले एकोणऐंशी. तळाचे एकतीस.

कडूबानं पुन्हा मोजले. मग स्वतःवरच संशय येऊन कौशल्याबाईंना मोजायला लावले. एकतीसच. त्यानं पोतं आडवं पाडलं. बूड ओलं, कुबट वास. पोतं न्हाणीच्या भिंतीला टेकून उभं होतं आणि भिंत पाझरत होती.

"साऱ्या दुनियेवर पायत ठेवता," कौशल्याबाई म्हणाल्या, "अन् घरची भित ओली!"

काजल दारात तयार उभी होती. दप्तर पाठीला, फॉर्म हातात. एसटीला दहा मिनिटं होती.

कडूबानं फॉर्म घेतला. आधी शेवटची ओळ वाचली, मग मधली, मग पहिली.

"बाबा, हे काय?"

"तूच सांगतलं न. खालून, मधून, वरून."

सही करून त्यानं फॉर्म तिच्या हातात दिला. ती पळत सुटली तेव्हा ओट्यावरून ओरडला, "अन् मॅडमले विचारजो! फुकट काऊन, ते कोणी सांगतलंच नाही अजून!"