छपरावरची म्हैस

गेल्या रविवारी सकाळी आमच्या शेजारच्या काकांनी स्वतःच्या छपरावरचे तारेचे कुंपण पक्कडीने कापून काढले. ते कुंपण त्यांनीच सोसायटीशी वर्षभर भांडून घालून घेतले होते.

आमची वसाहत बडोद्याबाहेर, नदीकाठच्या उतारावर आहे. आर्किटेक्टने घरे उतारात अर्धी पुरली आणि स्लॅबवर माती टाकून गवत लावले. मागून पाहिले तर घर दिसत नाही.

काका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दुपारी ते आडवे झाले की गुरे राखणाऱ्या भरवाडाची म्हैस चरत चरत छपरावर येई. काका पलंगावरूनच काठीने छत ठोकत. म्हैस चार पावले सरके. काका पुन्हा ठोकत. भिंत सामाईक असल्याने आम्हाला सगळे ऐकू येई.

"आर्किटेक्ट म्हणतो, निसर्गाच्या कुशीत राहा. इथे निसर्ग माझ्या डोक्यावर शेण टाकतोय!"

"शुं काका," भरवाड हसे, "तिला तुमचं घर दिसतच नाही. तिला टेकरा दिसतो."

कुंपण झाले, म्हैस यायची थांबली. काका भर दुपारी अंगणात फेऱ्या मारू लागले.

"झोपला नाहीत?" मी विचारले.

"फार शांत आहे हो वर," ते म्हणाले. मग घाईने, "गवत बघा किती माजलंय. साप निघतील."

रविवारी सोसायटीच्या सेक्रेटरींनाही त्यांनी सापाचेच कारण सांगितले.

त्याच दुपारी छपरावर धप धप पावले वाजली. खालून काठीचे दोन ठोके आले. थोड्या वेळाने काकांचे घोरणे सुरू झाले.