डिरेक्टरीएवढी उंची

बसगाड्यांच्या कारखान्यातल्या त्या फिटरला सगळे ठेंगू म्हणायचे, आणि माणूस होता ताडमाड उंच. दारातून जाताना वाकायचा, दिव्याखालून जाताना वाकायचा, आणि सवयीनं उघड्या मैदानातही अधूनमधून वाकायचा. ठेंगू हे नाव त्याला उंचीवरून पडलंच नव्हतं. जगातली प्रत्येक वस्तू आहे त्यापेक्षा थोडी खाली असायला हवी, असं त्याचं ठाम मत होतं, त्यावरून ते पडलं होतं.

घरी त्यानं आधी पलंगाचे पाय कापले. मग टेबलाचे कापले. टेबल खाली गेल्यावर खुर्च्या उंच दिसायला लागल्या, म्हणून त्यांचेही कापले. बायको एके दिवशी वैतागून म्हणाली, "अहो, आता मलाही गुडघ्यापासून कापा, म्हणजे सगळं एका मापात बसेल." ठेंगूनं तिच्याकडे विचारमग्न होऊन पाहिलं. ती लगबगीनं स्वयंपाकघरात निघून गेली.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते ताईमुळे. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्याला वाढवलं आणि स्वतः बसमध्ये कंडक्टर झाली. अंगानं चांगली भरलेली, आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूस तिकिटाचे पैसे हातात घेऊनच जागा व्हायचा. आयुष्यभर तिनं म्हाताऱ्यांना हात देऊन बसमध्ये चढवलं. निवृत्त झाली आणि तिचेच गुडघे गेले. एकदा स्टॉपवर तिला पायरी चढता येईना, तेव्हा नव्या कंडक्टरनं तीन प्रवाशांना हाक मारली, चौघांनी "हं, उचला!" म्हणून तिला पोत्यासारखं आत टाकलं आणि डबल बेल दिली. तिची एक चप्पल रस्त्यावरच राहिली. घरी येऊन ती म्हणाली, "आता माझ्या पायांनी चढेन तेव्हाच बसमध्ये पाऊल टाकेन."

"ताई, टॅक्सी करू की," ठेंगू म्हणाला.

"टॅक्सीत बसायला आधी घडी घालावी लागते. मी काय चादर आहे? आणि जन्मभर लोकांना सांगितलं, बसनं जा, बसनं जा. आता मीच टॅक्सी करू?"

झालं. तेव्हापासून ती घरात. बाहेरच्या जगाशी संबंध फक्त फोनवरून, तोही एकाच माणसाशी. शेवटच्या स्टॉपजवळ तिची जुनी मैत्रीण राहायची, डेपोत तिकिटांच्या पेट्या सांभाळणारी. पेटीवाली म्हणूनच सगळे तिला ओळखायचे. तिचेही गुडघे गेलेले. दोघी रोज फोनवर कडाकडा भांडायच्या. कशावरून? जुनी एखादी गोष्ट निघाली की आठवण कुणाची खरी, यावरून. अशात पेटीवालीनं सांगितलं, "मुलगा मला त्याच्याकडे नेतोय गं, दूर. घर विकलंय. त्याआधी एकदा समोर ये. फोनवर भांडण काही रंगत नाही."

ताई फोन ठेवून भिंतीकडे बघत बसली. ठेंगूनं कपाटातून टेलिफोनची जुनी जाडजूड डिरेक्टरी काढली, जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, "ताई, हिच्यावर पाय ठेव बघू." भिंत धरून ताई चढली. मग त्यानं डिरेक्टरीवर एक वर्तमानपत्र ठेवलं. ताईनं पाय उचलला, हवेत धरला, परत खाली ठेवला. "एवढं नाही जमत रे," ती म्हणाली. म्हणजे माप ठरलं. जमिनीपासून बसचा तळ डिरेक्टरीएवढा उंच, वर्तमानपत्राइतकाही जास्त नाही.

आता बसचा तळ खाली आणायचा म्हणजे आड येतो ॲक्सल. एका चाकाच्या मध्यापासून दुसऱ्या चाकाच्या मध्यापर्यंत तो लोखंडी दांडा सरळ जातो, आणि तळाला त्याच्या वरूनच जावं लागतं. ठेंगूनं ठरवलं, ॲक्सलनंच वाकायचं. मी वाकतो, तर त्याला काय झालं? त्यानं मधला दांडा खाली उतरवला आणि दोन्ही टोकांना दातेरी चाकांची एकेक जोडी बसवली, म्हणजे खालच्या दांड्याचं फिरणं वर बसच्या चाकापर्यंत पोचेल. कल्पना झकास होती. साहेब, म्हणजे कारखान्याचे प्रमुख, स्वतः चाचणीला आले. ड्रायव्हरनं पहिला गिअर टाकला आणि गाडी ऐटीत मागे गेली ती थेट कँटीनच्या भिंतीत.

दोन दातेरी चाकं एकमेकांना लागली की एक सुलट फिरतं आणि दुसरं उलट. हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. ठेंगूलाही ठाऊक होतं, पण त्याचं सगळं लक्ष उंचीकडे. ड्रायव्हर मात्र खूश झाला. "साहेब, असंच राहू द्या. रिव्हर्स टाकून पुढे जाईन. फक्त पुढे जाताना वेग नाही मिळणार, आणि मागे मात्र विमानासारखी जाईल." साहेबांनी कपाळाला हात लावला. ठेंगूनं मध्ये तिसरं दातेरी चाक घातलं, तेव्हा गाडी सरळ आली. कँटीनच्या भिंतीला टेकू लावला, तो अजून तिथेच आहे.

मग आला दुसरा घोळ. तळ खाली आला, तर तळाखालच्या जाड तुळयांना जागाच उरली नाही. त्या काढल्या की तळ मधोमध पोटासारखा लोंबायचा. ठेंगूनं तळ छपरालाच टांगला. प्रवासी हातानं धरतात ते खांब त्यानं जाड केले आणि तळाचा भार त्यांच्यावर दिला. सगळे खांब सीटांच्या कडेनं नीट बसले. उरला एक, आणि तो आला बरोबर दाराच्या मधोमध.

"दारात खांब?" साहेब ओरडले. "अरे, लोकांनी चढायचं कुठून?"

"डावीकडून किंवा उजवीकडून, साहेब. निवड आहे."

"काढ तो!"

"काढतो. पण छपराला आधी सांगावं लागेल."

साहेबांनी हात टेकले. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती, पाहुण्यांना बोलावणी गेली होती. दार थोडं रुंद करून खांब तसाच ठेवायचा, आणि उद्घाटन झाल्यावर बघायचं असं ठरलं. साहेबांचा 'नंतर बघू' हाच एक खांब होता, ज्यावर अख्खा कारखाना उभा होता.

उंची मोजायची कारखान्याची एक जुनी पद्धत होती. गाडी रिकामी कधी धावते का? मग रिकामी का मोजायची? म्हणून आधी प्रत्येक सीटवर वाळूचं एक पोतं बसवायचं, भरल्या अंगाच्या माणसाच्या वजनाचं, आणि मगच माप घ्यायचं. या पोत्यांना कारखान्यात 'प्रवासी' म्हणत. इतकी वर्षं सोबत काढल्यामुळे त्यांच्याशी वागणंही तसंच झालं होतं. जाता-येता धक्का लागला तर फिटर "सॉरी" म्हणायचे, आणि एका फाटक्या पोत्याला खिडकीची जागा कायमची दिलेली होती. ठेंगूनं सगळे प्रवासी बसवून दाराशी डिरेक्टरी लावली. तळ आणि डिरेक्टरी, दोन्ही एका पातळीत. त्याचा जीव भांड्यात पडला. घरी जाऊन तो म्हणाला, "ताई, रविवारी तयार राहा. पेटीवालीकडे जायचंय."

ताईनं कंडक्टरची जुनी खाकी साडी इस्त्रीला दिली.

रविवारी गाडी रंगवून, पुसून लख्ख उभी होती. पाहुणे आले, पत्रकार आले, कारखान्यातले यच्चयावत लोक आले. घर कारखान्याच्या मागच्याच गल्लीत होतं, ताई ठेंगूच्या बायकोच्या खांद्याला धरून सावकाश चालत आली. पहिला प्रवास निवृत्त कंडक्टरबाईंनी करायचा, ही कल्पना साहेबांना फार आवडली होती, कारण फोटो चांगला आला असता. ताई दारापाशी आली. पाय उचलला, हवेत धरला. आणि परत खाली ठेवला.

ठेंगूच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं धावत डिरेक्टरी आणून लावली. गाडीचा तळ डिरेक्टरीच्या वर चांगला चार बोटं होता. त्यानं आत डोकावून पाहिलं तर सगळ्या सीट मोकळ्या.

"प्रवासी कुठं गेले?"

"पाहुणे येणार म्हणून सकाळी उतरवले," रंगारी म्हणाला. "सीटांवर पोती बरी दिसतात का?"

वजन उतरलं आणि स्प्रिंगांनी गाडी वर उचलली. इतक्या वर्षांत रिकाम्या गाडीची उंची एकदाही कुणी मोजली नव्हती. ठेंगूनंही नाही. चूक सोळा आणे त्याचीच होती, आणि ती त्याला तिथल्या तिथं, सगळ्यांदेखत कळली. त्याला वाटलं, गाडीखाली शिरावं आणि पुन्हा बाहेर येऊच नये. पण एवढ्या खाली आणलेल्या गाडीखाली तो मावलाही नसता.

पोती धावतपळत परत आत आली, गाडी खाली बसली, तळ डिरेक्टरीला टेकला. ताईनं आत पाहिलं. "सगळ्या जागा भरल्यात," ती म्हणाली. "मी कुठं बसू?"

एक पोतं उतरवलं, तर तळ वर्तमानपत्राइतका वर आला. परत ठेवलं, तर जागा गेली. म्हणजे ताईला चढता येत होतं तेव्हा बसायला जागा नव्हती, आणि जागा होती तेव्हा चढता येत नव्हतं. पत्रकार लिहायचं थांबले. साहेब हळूच म्हणाले, "बाई, उभ्यानं जाल का? पुढच्या स्टॉपपर्यंत, फोटोपुरतं?"

ताईनं साहेबांकडे पाहिलं. ठेंगूला ती नजर लहानपणापासून माहीत होती, म्हणून तो दोन पावलं मागे सरकला.

"वाळू बसून जाणार आणि मी उभी? माझ्या गाडीत?" ताई म्हणाली. "उतरवा ती पोती. आणि तुम्ही चढा. सगळे! फोटो काढायला इतके जण उभे आहात, वजनं काय घरी ठेवून आलात? चला, पुढे सरका, आत जागा आहे!"

तो आवाज ऐकला आणि इस्त्रीच्या कपड्यांतली मोठमोठी माणसं निमूटपणे रांगेत चढली. पाहुणे बसले, पत्रकार बसले, हिशेबनीस बसला. ठेंगूची बायकोही बसली, पण ती आधीच म्हणाली, "मला कुणी वजन विचारायचं नाही." ठेंगूला जागा मिळाली सगळ्यात मागे, चाकावरच्या सीटवर, गाडीच्या मागे तोंड करून. पुढची एक सीट ताईसाठी रिकामी राहिली. तरी तळ किंचित वर होता, म्हणून साहेबांच्या मांडीवर एक पोतं दिलं. तेच ते फाटकं. साहेबांच्या पँटवर वाळू सांडत होती आणि ते पाहुण्यांकडे बघून हसत होते.

ताईनं पाय उचलला. धरायला काही हवं म्हणून तिचा हात पुढे आला आणि सरळ दारातल्या त्या खांबावर पडला. तिनं त्याला घट्ट मिठी घातली, एक पाय वर, मग दुसरा. कुणाचा हात लागला नाही. आत येऊन खांबावर थाप मारत ती म्हणाली, "अख्ख्या गाडीत अक्कल वापरली असेल तर ती एवढीच." साहेबांनी पोत्यामागे तोंड लपवलं.

गाडी निघाली. वाटेतल्या स्टॉपांवर लोक हात दाखवत होते, पण कुणाला घेता येईना आणि कुणाला उतरता येईना. शेवटच्या स्टॉपवर पेटीवाली काठी टेकत उभी होती. गाडी थांबताच सवयीनं पाचसहा जण उठले.

"खाली बसा!" ताई गरजली. "मी उतरेपर्यंत कुणी हलायचं नाही. मानसुद्धा वळवायची नाही!"

सगळे धप्पकन बसले. ठेंगूही तसाच राहिला, मागच्या काचेतून रिकामा रस्ता बघत. ज्या एका पावलासाठी त्यानं घरातल्या खुर्च्या कापल्या, ॲक्सल वाकवला, कँटीनची भिंत खिळखिळी केली, ते पाऊल त्याच्या पाठीमागे पडणार होतं आणि त्याला ते दिसणार नव्हतं. वळून बघावं असं फार वाटत होतं. पण आपण हललो आणि तेवढ्यानं तळ वर आला तर? त्यानं श्वाससुद्धा धरून ठेवला. डोळे मिटले.

बसल्या जागी त्याला जाणवलं. गाडी अलगद, अगदी वर्तमानपत्राइतकी, वर आली.

ताई उतरली होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायलाही तो हलला नाही. बाहेरून आवाज आला, "मेले, इतका उशीर?" आणि दुसरा आवाज, "मी वेळेवर आलेय, तूच घड्याळ विसरलीस!" भांडण रंगत रंगत गल्लीत लांब गेलं.

बऱ्याच वेळानं मांडीवरच्या पोत्यामागून साहेबांनी विचारलं, "आता उठायचं का?"

"नको साहेब," ठेंगू मान न वळवता म्हणाला. "तिला परत चढायचंय."