एकतीस अंगठे

मोबाईल उघडण्याआधी मावशी उजव्या हाताची करंगळी पदराला पुसायच्या. बाकीची बोटं कणकेत नाहीतर तेलात असायची, म्हणून मोबाईलसाठी ही एक वेगळी राखून ठेवलेली. करंगळी पुसायची, ती स्वच्छ आहे ना ते एकदा पाहून घ्यायचं आणि मग काचेवर इतकी हळू टेकवायची की मोबाईलला ते कळायचंच नाही. "हं सर, आता सांगा, कुठं दाबू?" असं त्या म्हणायच्या, आणि मी म्हणायचो, "मावशी, जरा जोर लावा, तो काही पापड नाही."

अशी एक मावशी तुम्हीही पाहिली असेल. जिथं शिकवणी वर्ग आहेत तिथं डबा देणारी मावशी असतेच, आणि अमरावतीत तर गल्लीत दोन-दोन. आमच्या मावशी मूळच्या मूर्तिजापूरच्या. नवरा लवकर गेला, एकच मुलगी, ती बार्शीटाकळीला दिलेली. खालच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या आणि तिथूनच डबे करायच्या. वरच्या खोलीत मी भाड्यानं. मी एका शिकवणी वर्गात गणित शिकवतो, घर अकोल्याला, दर शनिवारी गाडीनं घरी जायचं आणि सोमवारी सकाळी परत यायचं. सहा वर्षं मी त्यांच्या हातचं जेवलो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सांगताना माझीच मला लाज वाटणार आहे.

पूर्वी त्यांच्याकडे बटनांचा फोन होता आणि सगळा कारभार मिस कॉलवर चालायचा. एक मिस कॉल म्हणजे आज डबा नको. दोन म्हणजे पाहुणा आलाय, पोळ्या वाढवा. तीन म्हणजे पोट बिघडलंय, खिचडी पाठवा. लिहून ठेवलेलं काहीच नाही, सगळं डोक्यात. एवढं ध्यानात कसं राहतं, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या वर्गातले पोट्टे तुमाले वळखू येते न सर? मंग माये पोट्टे मले नाही येनार?"

थोडक्यात, चांगलं चाललं होतं. सुधारणेची खाज मला होती. मुलीनं स्वतःसाठी नवा फोन घेतला आणि जुना स्मार्टफोन आईला दिला. तो कितीतरी दिवस टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यावर पडून होता. मी म्हटलं, "मावशी, मी शिकवतो ना." शिकवायची सवय वाईट असते. समोरच्याला गरज आहे का, हे विचारायचं राहून जातं.

दुपारची भांडी झाली की संध्याकाळची कणीक भिजवेपर्यंत मध्ये तासभर मिळायचा. तेवढ्यात जिन्यावर बसून आमचा वर्ग. गोल गोल फिरणारं चक्र दिसलं की मी उगाच दोन-तीनदा दाबत सुटायचो. त्या माझा हात धरायच्या. "दम धरा न सर, त्याचं काम चालू हाये." आवाजी संदेश पाठवायचा तर विहिरीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा आवाज काढायच्या. बार्शीटाकळीला तो फोनशिवायही पोचला असता. नात पडद्यावर दिसली की पहिला प्रश्न, "जेवली का वो माय?" आणि नात खरंच जेवत असेल तर तिच्या ताटात काय काय आहे ते सगळं त्यांना दाखवावं लागे.

ॲप म्हणजे काय, हे समजावताना मी फार खुश झालो होतो. म्हटलं, "मावशी, मोबाईल म्हणजे डबा आणि ॲप म्हणजे त्याचे कप्पे. एकात भाजी, एकात वरण. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही." त्या म्हणाल्या, "अन् वरन भाजीत सांडलं तर?" मी म्हटलं, "तसं होत नाही." त्या म्हणाल्या, "होते सर. डबा वाकडा धरला की होते." मी हसलो. वर्गातसुद्धा हा किस्सा सांगून पोरांना हसवलं.

त्यांचंही निरीक्षण चालू असायचं. काही मुलं तिथंच ओसरीत बसून जेवायची. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पहिले हे पोट्टे भांडत भांडत जेवत. मीठ कमी पडलं तर मले तोंडावर सांगत. आता एका हातात घास अन् एका हातात मोबाईल. भाजी कोनती होती, इचारा बरं त्यायले." मी विचारलं. एकालाही सांगता आलं नाही.

मग मी ग्रुप काढला. 'मावशीचा डबा' असं नाव, ॲडमिन मी. फोनची भाषा मराठी केली आणि सगळ्यांचे नंबर त्यात देवनागरी नावांनी भरून दिले, कारण मावशी चौथी शिकलेल्या, इंग्रजी अक्षर येत नसे. माझं नाव काय लिहू, असं विचारलं तर म्हणाल्या, "वरचे सर लिवा. मले तेवढं समजते." रोज सकाळी भाजीचा फोटो टाकायचा, ज्याला आवडली तो खाली अंगठा देईल. अंगठा म्हणजे आवडलं, हे मी शिकवलं. अंगठ्यावर दाबलं की कोणी कोणी दिला त्यांची नावं येतात, हेही मीच शिकवलं.

त्याचा त्यांना असा नाद लागला की काय सांगू. संध्याकाळी चष्मा लावून, एकेक अक्षर जोडत त्या नावं मोठ्यानं वाचायच्या. ज्याचं नाव नसेल त्याची काळजी. "आकोटच्या पोट्ट्यानं दोन दिवस झाले अंगठा नाही देल्ला. बरं नसंन त्याले." दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात कढी जायची. त्याला बिचाऱ्याला काही झालेलं नसायचं, त्याचा नेटपॅक संपलेला असायचा.

आता तो शनिवार. सकाळी मी निघायच्या घाईत होतो आणि मावशींनी जिन्यात गाठलं. त्या दिवशीच्या भाजीचा फोटो फोनमध्ये कुठंतरी हरवला होता, तो शोधून द्या म्हणाल्या. शोधता शोधता अर्धा तास गेला, वर्गाला उशीर झाला, वर्गाच्या मालकांकडून पोरांसमोर ऐकून घ्यावं लागलं. संध्याकाळी गाडीत बसलो तेव्हाही डोकं तापलेलंच होतं. मूर्तिजापूरला गाडी थांबली आणि मी ग्रुप उघडला. कोणीतरी दुपारच्या ताटाचा फोटो टाकला होता. वांग्याच्या भाजीत एक लांब केस. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, "आज भाजीसोबत केस फुकट का?" त्याला तीस अंगठे होते.

मी एकतिसावा दिला.

चुकून बोट लागलं, असं सांगता येईल. पण नाही लागलं. मनात आलं, बरं झालं, जरा कळू दे यांना. मोबाईलच्या नादात लक्ष नसतं, असंही आलं. तो नाद कोणी लावला, हे त्या वेळी आठवलं नाही. अंगठा दिला, खिडकीतून चहा घेतला आणि अकोला येईपर्यंत विसरूनही गेलो.

सोमवारी सकाळी परत आलो तर मावशी दारातच उभ्या. चेहरा फुललेला. "सर, एकतीस. इतके कधी आले नोते. अन् फोटो मी नाही काढला, पोट्ट्यानंच काढून टाकला. एवढी आवडली त्याले." त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. खाली काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, आणि तो केस त्यांना वांग्याच्या देठाचा धागा वाटला असेल, नाहीतर दिसलाच नसेल. चष्मा जुना होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. सांगायला गेलो असतो तर त्यांनी अंगठ्यावर दाबून नावं पुन्हा वाचली असती, आणि त्यात माझं होतं. वर तोंड करून म्हणालो, "हो मावशी, फोटो चांगला आलाय."

"मंग उद्या शिरा करतो सगळ्यायले," त्या म्हणाल्या.

आणि केला. साजूक तुपातला, चारोळी घातलेला, प्रत्येक डब्यात एक वाटी. मलाही आला. मी तो खाल्ला. ग्रुपवर पोरांना ऊत आला. केसावर शिरा मिळाला, मावशी लाच देऊन राहिल्या, असलं काय काय, सगळं इंग्रजी अक्षरांत. संध्याकाळी मावशी फोन घेऊन वर आल्या. "सर, हे तोंड पाहा बरं. डोयातून पानी येऊन राहिलं. हे रडते का हासते?"

"हसतंय मावशी."

"मंग खुश हायेत," असं म्हणून त्या खाली गेल्या. मी त्यांना खोटं सांगितलं नव्हतं. याच गोष्टीची मला जास्त लाज वाटते.

पुढच्या दीड-दोन महिन्यांत मुलं एकेक करून दुसऱ्या मावशीकडे गेली. त्यांना दोष देत नाही. वय तसंच असतं, एक गेला की चार जातात. पण ग्रुपमधून कोणी बाहेर पडलं नाही, तिथं गंमत मिळत होती. डबे कमी होत गेले आणि अंगठे तेवढेच राहिले. मावशींना हे गणित सुटेना. एक दिवस त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "सर, अंगठे एवढे अन् डबे कमी काहून होऊन राहिले?"

मी गणिताचा मास्तर. मी म्हणालो, "परीक्षा जवळ आल्या मावशी, पोरं गावाला गेली."

मग त्यांची मुलगी चार दिवसांसाठी आली. ती अंगणवाडीत आहे, इंग्रजी अक्षर तिला येतं. दुपारी मी वर्गावरून येऊन जिना चढत होतो तर खालच्या खोलीतून तिचा आवाज ऐकू आला. ती एकेक संदेश वाचून दाखवत होती. अगदी हळू, वाचणारीलाच त्रास व्हावा असा आवाज. मी जिन्यातच थांबलो. ती म्हणाली, "जाऊ दे न आई, कायले पायतं?" मावशी म्हणाल्या, "थांब. नावं मले वाचता येते." आणि त्या वाचू लागल्या. एकेक अक्षर जोडत, रोज वाचायच्या तसंच. अर्ध्या जिन्यात, हातात वह्यांचा गठ्ठा धरून मी ऐकत होतो. शेवटी आलं, "व, र, चे. वरचे. स, र." मी चपला काढून हातात घेतल्या आणि वर गेलो.

रात्रीचा डबा नेहमीच्या वेळेला आला. भाजी, वरण, पोळ्या, सगळं रोजच्यासारखं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो. त्या डाळ निवडत बसल्या होत्या. डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं, एक बट बाहेर नाही. माफी कशी मागायची ते मी रात्रभर ठरवलं होतं, पण त्या फडक्याकडे पाहत मी नुसता समोर बसलो. त्यांनीच सुरुवात केली.

"अंगठा देल्ला त्याचं काही नाही सर. केस होता तर होता, चुकी मायी. पन सोमवारी मी तुमच्यापुढं फोन धरला होता. तवा सांगाले पायजे होतं." त्यांनी डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. "मी शिरा केला न सर."

मी म्हणालो, "चुकलं मावशी."

"हो," त्या म्हणाल्या, आणि पुढची मूठभर डाळ ताटात ओढली. मी उठून वर गेलो.

दिवाळीनंतर त्यांनी डबे बंद केले. गुडघे दुखतात, आता मुलीकडेच राहते, असं सगळ्यांना सांगितलं. मलाही तेच सांगितलं. सामान न्यायला गाडी आली तेव्हा मी शेगडी, पिंप, परात उचलून ठेवायला मदत केली. सगळं भरून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. हातात मोबाईल होता.

"सर, एक शिकवाचं राह्यलं तुमचं. त्या ग्रुपातून निंगाचं कसं?"

मी हात पुढं केला. "द्या, मी करून देतो."

"नाही. तुमी सांगा, मी करतो."

मी सांगत गेलो. वर नावावर दाबा. आता खाली सरकवा, अजून खाली. ते लाल अक्षर दिसतंय ना, तिथं. त्यांनी दाबलं. पडद्यावर एक चौकट आली.

"आता हे काय म्हनते?"

"नक्की बाहेर पडायचं का, असं विचारतंय. बाकीच्यांना कळणार नाही, फक्त ॲडमिनला कळेल, असंही लिहिलंय."

त्यांनी ते सगळं स्वतः एकदा वाचलं, ओठ हलवत. मग म्हणाल्या, "बरं हाये. हे पहिले सांगते तरी."

आणि त्यांनी करंगळीनं दाबलं. त्या पुढं जाऊन गाडीत चालकाशेजारी बसल्या, पदर सावरला, आणि "येतो सर" म्हणाल्या. गाडी वळेपर्यंत मी उभा होतो. मग फोन काढून पाहिला. ग्रुपमध्ये एक बारीक राखाडी ओळ आली होती, मावशी बाहेर पडल्याची. ग्रुपमधल्या चाळीस जणांपैकी ती फक्त मलाच दिसत होती.