पेडलखालचा पाय

कारखान्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंना कुणी नावानं हाक मारत नाही. तिथे त्या 'पानावाली'. एप्रनच्या खिशात कायम पाना आणि तोंडात कायम एकच हुकूम: "हात काढ, बघू दे." मी त्यांच्याच मजल्यावर शर्टाचे खिसे शिवते आणि घरी त्यांच्याच शेजारी ओट्याशी उभी राहते, त्यामुळे हा हुकूम मला दोन्हीकडे ऐकावा लागतो. माझंही तोंड काही कमी नाही. सासरे म्हणतात, या घरात दोन सुपरवायझर आहेत आणि कामगार मी एकटाच.

जाऊबाई कामाला लागल्या तेव्हा बटणं लावायच्या. त्यांचं मशीन सारखं बिघडायचं आणि म्हातारे मेकॅनिक येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं त्यांना जमायचं नाही. मग म्हाताऱ्यांसाठी दिवा धर, पेच सांभाळ, तेल दे, असं करता करता एक दिवस म्हातारे म्हणाले, "आता दिवा मी धरतो, तू उघड." हीच त्यांची शाळा. म्हातारे निवृत्त झाले तेव्हा अवजारांच्या कपाटाची किल्ली त्यांनी जाऊबाईंच्या हातावर ठेवली. तेव्हापासून आमच्या मजल्यावर असं एकही मशीन नाही जे त्यांनी उघडलेलं नाही. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र त्या अजून बटणवालीच होत्या.

आणि एका सकाळी मॅनेजर आमच्या रांगेपाशी येऊन उभे राहिले. यापुढे मशीन उघडायला प्रमाणपत्र असलेलाच माणूस लागेल, वरून नियम आला आहे, नवा फिटर घेणार, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "तुम्ही परत बटणांवर या. पगार तोच राहील, काळजी करू नका." आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

जाऊबाईंनी गळ्यातली किल्ली काढून दिली. "देते. पण ती न्यायला मी परत येणार आहे. आणि बटणं मी लावणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

मॅनेजर हसले. त्या नाही हसल्या. मला तर इतका राग आला की चांगल्या शर्टाचा खिसा उलटा शिवला.

वाट दाखवली ती युनियनच्या सेक्रेटरीबाईंनी. आमचा कारखाना, युनियन आणि संध्याकाळची तंत्रशाळा यांच्यात पूर्वीच एक करार झालेला होता. जी मोठी माणसं कामावरच काम शिकली, त्यांची परीक्षा कामातूनच घ्यायची. जे येतं ते मान्य करायचं, जे येत नाही तेवढंच शिकवायचं. वेळ कारखान्यानं द्यायचा, फी युनियननं भरायची, तपासायचं शाळेनं. मॅनेजरनी सही केली होती आणि साफ विसरून गेले होते. सेक्रेटरीबाईंनी आठवण करून दिल्यावर त्यांनी मान खाजवली आणि जाऊबाईंची तंत्रशाळेतली परीक्षा होईपर्यंत फिटरची नेमणूक थांबवली.

परीक्षेला मी सोबत गेले. तंत्रशाळेची ती खोली लांबट होती, भिंतीला तेलाचा वास आणि मध्ये एकच मशीन. परीक्षक सर किडकिडीत, हळू बोलणारे. टाका सुटतोय, एवढंच त्यांनी सांगितलं. जाऊबाईंनी नुसता कान दिला, सुईखालची पट्टी काढली, हातानं चाक फिरवत सुई आणि खालून दोरा पकडणारा हुक यांचा मेळ बसवायला घेतला. मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले होते.

तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा. मोटर चालू आहे."

"आहे ना," जाऊबाई म्हणाल्या. "पाय आहे खाली."

खरंच होता. डावा पाय पेडलच्या खाली, पंजा वर उचललेला, म्हणजे पेडल दाबलंच जाऊ नये. आमच्याकडे सगळे हेच करतात. रांगेच्या टोकाला एकच स्विच आहे. तो बंद केला की अख्खी रांग थांबते. आणि आम्हाला पैसे मिळतात नगावर. मशीन एकीचं बिघडलं आणि हात सगळ्यांचे थांबले, तर बायका गप्प बसतील होय? त्यामुळे स्विचला कुणी हात लावत नाही. म्हाताऱ्यांनीही कधी लावला नव्हता. दिव्याबरोबर हा पायही त्यांनीच शिकवला होता.

सरांनी मोटर बंद केली आणि परीक्षाही. "काम तुम्हाला येतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बोटं सुईपाशी आणि मोटर चालू, याला मी पास म्हणू शकत नाही. परत या."

बाहेर पडल्यावर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. पुस्तकी किडा, यानं कधी रांग पाहिली आहे का, याचं स्वतःचं बोट तरी कधी काळं झालंय का! जाऊबाई चालत राहिल्या.

"अगं, गप्प बस जरा," शेवटी त्या म्हणाल्या. "तो बरोबर बोलतोय. कधी चुकून पाय निसटला असता तर?"

"पण आजवर निसटला नाही ना, ताई!"

"म्हणून तर इतकी वर्षं कळलं नाही." रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पाना या खिशातून त्या खिशात टाकला. "तो म्हणाला, रांग पाहिलेली नाही. नाही पाहिली तर दाखवू."

तसं म्हणाले होते मी, सर नव्हे. पण त्या क्षणी दुरुस्त करायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या सेक्रेटरीबाईंना घेऊन मॅनेजरच्या खोलीत गेल्या. मीही मागोमाग घुसले. "मी नापास झाले," त्यांनी सरळ सांगितलं. "आता ऐका. एका रांगेला एक स्विच, म्हणून माझा पाय तिथे जातो. उद्या तुमचा प्रमाणपत्रवाला फिटर येईल, तोही आठवड्याभरात पाय खाली घालेल. नाही घातला तर या बायका त्याला जगू देणार नाहीत. प्रत्येक मशीनला वेगळा स्विच द्या. शाळेच्या सरांना बोलवा, त्यांनाच विचारा."

"तुमच्या परीक्षेसाठी मी वायरिंग बदलू?" मॅनेजर म्हणाले.

"माझ्या नाही. हिच्या बोटांसाठी," असं म्हणून त्यांनी माझा हात धरून टेबलावर ठेवला. माझ्या हाताला विचारलंही नाही.

सर आले. रांगेत फिरले, टोकाचा स्विच पाहिला, मी काय काय बडबडते तेही मुकाट्यानं ऐकलं. मग मॅनेजरना बाजूला घेऊन म्हणाले, "कराराप्रमाणे येत नाही तेवढं शिकवायची जबाबदारी माझी. पण इथे शिकवून भागणार नाही." मॅनेजरनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी, उद्या कुणाचं बोट गेलं तर विमा कंपनी आधी या स्विचचंच विचारेल, असं सेक्रेटरीबाई म्हणाल्या आणि मॅनेजरचा आवाज खाली आला. वायरमन आले. त्या दिवशी काम बंद, म्हणजे कमाईही बंद, म्हणून बायकांनी कुरकुर सुरू केली. ती बंद करण्याचं काम मी अंगावर घेतलं आणि चांगलं केलं.

खरं घोडं अडलं ते पायाशी. स्विच मिळाले, पण सवय काय तार आहे, कापली आणि झालं? जाऊबाईंनी घरात धडे सुरू केले. कशालाही हात लावण्याआधी प्लग काढायचा. मिक्सरचं झाकण उघडायचं, प्लग काढ. इस्त्री पुसायची, प्लग काढ. जाऊबाईंचे यजमान, माझे भावजी, पंख्याखाली वाचत बसले होते, तर पंखा आणि दिवा पुसायचा म्हणून तेही बंद. "घरात मी अंधारात आणि उकाड्यात, कारण परीक्षा हिची!" भावजी ओरडले. तंत्रशाळेतही त्या संध्याकाळी जायच्या आणि तेवढं एकच शिकून यायच्या: आधी बंद, मग हात. मला वाटायचं, एवढ्याशा गोष्टीसाठी इतकं? पण त्यांना एकदाही म्हणताना ऐकलं नाही की पुरे झालं.

दुसऱ्या परीक्षेला तीच खोली, तेच मशीन. जाऊबाईंनी स्विच बंद केला. प्लग काढला, वायर ओढून घेतली आणि प्लग एप्रनच्या खिशात टाकला, म्हणजे मागून येऊन कुणी लावू नये. मग खाली बसल्या, पट्टी काढली, चाक फिरवलं. आणि तेवढ्यात डावा पाय हळूच सरकला आणि पेडलच्या खाली जाऊन बसला.

सरांनीही पाहिला. "पाय," ते म्हणाले.

जाऊबाईंनी खाली पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. किल्ली गेली, असं मला वाटलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. चाकावरचा हात त्यांनी काढला नाही. "मोटर बंद आहे, प्लग माझ्या खिशात आहे. या पायानं इतकी वर्षं माझी बोटं राखली. एका महिन्यात त्याला कसं पटेल?"

सरांनी भिंतीवरचं रिकामं सॉकेट पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले. "बरोबर आहे. चालू द्या."

प्रमाणपत्र मिळालं त्या सकाळी मॅनेजरनी सगळ्यांसमोर किल्ली परत केली. जाऊबाईंनी ती गळ्यात घातली आणि आभारबिभार काही मानले नाहीत. दुपारी माझंच मशीन बिघडलं. "हात काढ, बघू दे." त्यांनी माझा स्विच बंद केला. माझं मशीन गप्प झालं आणि आजूबाजूची सगळी रांग धडधडत राहिली. कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. मी वाकून खाली पाहिलं. पाय पेडलखालीच होता.

मी काही बोलले नाही. माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.